तीन शून्यांचा कागद

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. शेजारणीला नाही, बहिणीला नाही. देवाला न सांगताच कळतं म्हणतात — म्हणून मी त्याच्यासमोर तो विषय कधी काढलाच नाही. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही. तेव्हा तुम्हाला सांगायला हरकत नाही.

आधी माझं काय चाललं आहे ते सांगते. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. रत्नागिरीत राहते, एकटी. मे महिन्यात माझ्या दारात गाड्या उभ्या राहतात — पुण्याच्या, कोल्हापूरच्या, साताऱ्याच्या. आमसुलं, कोकमाचं आगळ, फणसपोळी, आंबोशी, कुळथाचं पीठ. सगळं माझ्या घरचं. दोन बायका कामाला आहेत, त्यांना मी एक तारखेला पगार देते. माझं शिक्षण चौथी. बँकेतला माणूस मला 'बसा आजी' म्हणतो आणि खरंच खुर्ची देतो.

हे सगळं एका लबाडीतून उभं राहिलं. आता ती सांगायची, तर जरा लांबून यावं लागेल.

माझा नवरा सरकारी कचेरीत कारकून होता. वाईट नव्हता. मारलं नाही, प्यायला नाही. पण पहाटे पाच वाजता कॉटवरून घसा खाकरायचा, आणि तेव्हा चहा त्याच्या हातात असायला हवा — सत्तेचाळीस वर्षं. मग अंघोळीचं पाणी, मग डबा, मग त्याचा सोमवार, त्याचा गुरुवार. तो गेला तेव्हा मी रडले. खोटं रडले नाही. पण सगळे पाहुणे परत गेल्यावर एक दिवस मी उठले ती साडेसातला. उन्हं पडवीत आली होती. कोणी घसा खाकरला नव्हता. मी तशीच पडून राहिले आणि वर कौलांकडे बघत बसले. इतकं सुख मला लग्नातही झालं नव्हतं. मग उठून सुका बोंबील चुलीत भाजला आणि भाकरीशी खाल्ला. सोमवार होता.

कळलं ना? त्या घरात मी सत्तेचाळीस वर्षं राहत होते, पण ते माझं झालं ते त्या सोमवारी.

वर्षश्राद्धाला मुलगा आला. विनू — एकुलता एक. पुण्यात कंपनीत संगणकावर काम करतो. बरोबर सून स्मिता आणि नात, तेव्हा सहा वर्षांची. जेवणं झाल्यावर विनू माझ्यासमोर बसला. कंपनीने सांगितलं होतं, घरून काम करा, घर कुठेही असो. पण पुणं सोडलं तर पगारातला शहराचा भत्ता कापणार.

"रत्नागिरीचा खर्च पुण्याच्या निम्म्यात बसला पाहिजे, आई. बसला की आम्ही आलोच समज. कायमचे."

आणि खिशातून त्याने घडी घातलेला मोठा कागद काढला. मधोमध उभी रेघ. डावीकडे पुणे, उजवीकडे रत्नागिरी. डावी बाजू भरलेली — घरभाडं, वीज, किराणा, दूध, शाळा, पेट्रोल, डॉक्टर. उजवी बाजू कोरी. म्हणाला, ती तू भर, तुझ्याइतके भाव कुणाला माहीत असणार! ते खरं आहे. गल्लीतल्या बायका बाजारात जाण्याआधी माझ्याकडे डोकावून जातात.

पण उजवी बाजू अगदीच कोरी नव्हती. तीन ओळी त्याने आधीच भरल्या होत्या. स्वयंपाकाची बाई. धुणंभांडी. मुलीला सांभाळणारी. पुण्याकडे तिन्हींपुढे आकडे, चांगले भरभक्कम. रत्नागिरीकडे — शून्य. शून्य. शून्य.

मी विचारलं, "हे काय रे?"

"अगं, तू आहेस की!"

लाडाने म्हणाला. हसून म्हणाला. त्याचा बापही लाडानेच म्हणायचा.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारीला राग आला आणि त्या रागात तिने जे करायचं ते केलं. थांबा. इतकं सोपं असतं तर मी एवढी वर्षं तोंड मिटून कशाला बसले असते?

ते पुण्याला गेले. कागद माझ्याकडे राहिला. मी पंधरा दिवस घेतले.

आमच्याकडे एक रीत आहे — घरचं कोणी मांडत नाही. नारळ घरचे, तांदूळ घरचा, आमसुलं घरची. त्याला भाव नसतो. कोकणातल्या कुठल्याही माणसाला विचारा, महिन्याचा घरखर्च किती? तो साखर, चहा, तेल आणि विजेचं बिल आठवून आकडा सांगेल. माझा नवरा मरेपर्यंत पाहुण्यांना सांगायचा, "आमचं घर तीन हजारांत चालतं." आपोआप चालायचं जणू. विनू त्याच घरात वाढला. त्याचाही भरवसा त्याच तीन हजारांवर होता.

मी घरचं मांडलं. सगळंच्या सगळं मांडलं.

परसात माझे सहा माड आहेत. जन्मात मी नारळ विकत आणला नाही. कागदावर महिन्याचे चाळीस नारळ लिहिले, दुकानाच्या भावाने. गावची शेती अर्धेलीने दिली आहे, वर्षाचा तांदूळ घरात येऊन पडतो. तो लिहिला किराणा दुकानातल्या सगळ्यात महाग तांदळाच्या भावाने. आमसुलांसाठी तर मी मुद्दाम एस.टी.ने हातखंब्याला गेले. तिथे हायवेला पर्यटकांसाठी एक दुकान आहे, तळहाताएवढ्या पुडीत आमसुलं विकतात. त्या पुडीचा भाव मी किलोला लावून लिहिला. लिहिताना मला स्वतःलाच घाम फुटला.

मासळीचे भाव आणायला मी मेमधला रविवार निवडला. पर्यटकांची झुंबड. मिरकरवाड्याला हसीना बसते, तीस वर्षं ओळखीची माझी कोळीण. मी तिला पापलेटचा भाव विचारला. मग सुरमईचा. मग मोठ्या कोळंबीचा. पेन्सिलीने लिहीत होते.

"काय वो वयनी, पापलेट? लॉटरी लागली काय?"

"सांग गो भाव. तोंड कशाला चालवतेस?"

"नि लिवताव कशाला? नगरपालिकेत कामाला लागलाव? घ्यायचं नसेल तर बाजूला व्हा, गिऱ्हाईक खोळंबलाय माझा."

पुण्याचे लोक मागे उभे होते, ते हसले. मी लिहून घेतलं आणि मांदेलीचा एक वाटा पिशवीत टाकून घरी आले. आम्ही आयुष्यभर मांदेली, तारली आणि स्वस्त झाला की बांगडा खाल्ला. पापलेट माझ्या घरात विनूच्या साखरपुड्याला शिजलं होतं, ते शेवटचं. मांदेलीचा भाव मी कागदावर लिहिला नाही.

बघा — खोटा आकडा एकही नाही. प्रत्येक भाव जाऊन विचारून आणलेला. मी तेव्हा स्वतःला हेच सांगत होते. आणि पाण्याचं? आमची विहीर मेमध्ये तीन आठवडे आटते, तेव्हा टँकर लागतो. मी फोनवर विनूला एका टँकरचा भाव सांगितला, आठवड्याला दोन लागतात असं म्हटलं. त्याने तिकडे बाराही महिन्यांचा गुणाकार केला. गुणाकार त्याने केला. मी फक्त थांबवलं नाही. ऐकत होते, तो पुटपुटत आकडे मांडत होता, आणि मी गप्प.

बाईच्या तीन ओळींपुढे काय लिहिलं? तिथली शून्यं मी खोडली आणि पुण्याचेच आकडे उतरवले. फोनवर आकडे ऐकून विनू म्हणाला, "हे काय?" मी म्हटलं, "मी आता सत्तरीच्या वर आहे."

बेरीज झाली. निम्म्यात बसली नाही. बरीच वर गेली.

"रत्नागिरी एवढी महाग कधी झाली गं?" असं म्हणाला बिचारा. त्याच्या आवाजात वाईट वाटलेलं होतं. माझ्या मनात काय होतं सांगू? ढोल वाजत होते. शिमग्यात पालखी दारात आल्यावर वाजतात तसे.

इथेच थांबले असते तर ही गोष्ट मी हसत हसत सांगितली असती. अजूनही सांगितली असती — मुलाला कसं वळण लावलं म्हणून. चार बायका टाळ्या देऊन हसल्या असत्या.

पण दुसऱ्या दिवशी दुपारी स्मिताचा फोन आला. विनू घरात नव्हता.

स्मिताबद्दल सांगायला हवं. ती लांज्याची. तिथे तिची आई एकटी राहायची — बाप लवकर गेलेला, भाऊ नाही. साखरेचा आजार, एक डोळा जवळपास गेलेला. पुण्याला न्यायला स्मिताने फार धडपड केली. बाई हलेना. "माझं दार कोण उघडेल, माझ्या तुळशीला पाणी कोण घालेल?" रत्नागिरीहून लांजा म्हणजे एस.टी.ने तास-दीड तास, हातखंब्यावरून. सकाळी जाऊन, आईला न्हाऊमाखू घालून, दुपारी परत येता येतं. पुण्याहून सबंध दिवस मोडतो. स्मिताला रत्नागिरी कशासाठी हवी होती, ते मला ठाऊक होतं. तिने कधी तोंडाने म्हटलं नव्हतं. म्हणायला लागतं का?

फोनवर ती आधी दुसरंच बोलली.

"आई, त्या तीन शून्यांचं मला नंतर कळलं. मला लाज वाटली. मी ह्यांना स्पष्ट सांगितलंय, आलो तर बाई लावायची. तुम्ही एक कप उचलायचा नाही. तुम्ही तुमच्या मर्जीने राहायचं."

मग म्हणाली,

"आई, खरंच एवढा खर्च येतो का हो? थोडं इकडेतिकडे करून नाही बसणार?"

आता ऐका. मला ज्याचा राग होता ते तिने स्वतःहून मिटवलं होतं. शून्यं पुसली होती. राग धरायला काही उरलं नव्हतं. आणि तिचा शब्द पक्का असतो, तेही मला माहीत होतं. घरचं धरलं नाही आणि मांदेली खाल्ली तर खर्च निम्म्यात बसतो, बसून वर उरतो, हेही माहीत होतं. बेरीज मी मनात कधीच करून ठेवली होती.

मी म्हटलं, "नाही गो बसणार."

ती म्हणाली, "बरं." आणि नातीच्या सर्दीबद्दल काहीतरी बोलली आणि फोन ठेवला.

हे ते. हेच सांगायचं होतं. कागद ही लबाडी होती, आणि ती मी मुलाशी केली — त्याने ती कमावली होती. पण हे वाक्य मी तिला सांगितलं. का? तर मला माझं घर हवं होतं. साडेसातचं उठणं हवं होतं. कोणी भलं वागणारंसुद्धा घरात नको होतं. एवढंच कारण आहे. ते मोठं करून सांगता येत नाही आणि लहानही करता येत नाही.

पुढे काय झालं? पुढे मी जिंकले.

फोन ठेवला आणि तो कागद पुन्हा उघडला. विनूला पळवून लावायला म्हणून मी जे मांडलं होतं त्याच्याकडे बघत बसले. नारळ इतके. तांदूळ इतका. आमसुलं, कुळीथ, पीठ, मिरची कुटणं, मासे साफ करणं. माझ्या परसातून आणि माझ्या दोन हातांतून दर महिन्याला एवढ्याचा माल निघतो! आणि पन्नास वर्षं तो कुठल्याच कागदावर नव्हता. लबाडी करायला बसले आणि हे हाती लागलं.

तिसऱ्या दिवशी दोन किलो आमसुलं पिशवीत घातली आणि पुन्हा हातखंब्याला गेले. त्याच दुकानात. दुकानदार मला ओळखून हसायला लागला.

"काय आजी, परवा भाव विचारून गेलात, आज विकायला आलात?"

"परवा भाव कळला म्हणून आज आले."

त्याने एक आमसूल तोंडात टाकलं आणि हसणं थांबवलं. पावशेर मीठ मारून ओली आमसुलं वजनाला चढवतात, तशी ती नव्हती. रातांब्याच्या, म्हणजे ओल्या कोकमाच्या, रसाची सात पुटं देऊन, कडकडीत उन्हात वाळवलेली. म्हणाला, अजून किती आहेत? मी म्हटलं, आधी भाव बोला. अर्धा तास घासाघीस केली. माझ्या सबंध आयुष्यात एवढी मजा आली नव्हती.

पुढच्या वर्षी तो माल न्यायला माझ्या दारी आला. त्याच्या पुढच्या वर्षी मी त्याला देणं बंद केलं, कारण गिऱ्हाईकच थेट येऊ लागलं. पडवीला फळ्या ठोकून घेतल्या. नवऱ्याची कॉट काढून तिथे वजनकाटा ठेवला. मोठा फ्रिज माझ्या पैशाने आला.

विनूने पुण्यात कर्ज काढून घर घेतलं. वीस वर्षं हप्ते आहेत. तो म्हणतो, "बरं झालं आई, तू वेळेवर खरं सांगितलंस, नाहीतर फसलो असतो." मी हो म्हणते. आणि स्मिता — तिने तर माझा माल त्यांच्या इमारतीतल्या घराघरात पोचवला. दर महिन्याला खोका जातो. "माझ्या सासूबाईंच्या हातचं आहे," असं सांगून विकते. नावाची चिठ्ठीही तिनेच छापून घेतली.

त्या कागदानंतर अडीच वर्षांनी एका सकाळी तिचा फोन आला. लांज्याच्या शेजारणीने कळवलं होतं, आई उठत नाही, बोलत नाही धड. "मी निघते आहे, पण पोचायला संध्याकाळ होईल. तुम्ही जाल का हो?"

मी गेले. गावातून जाणारी पहिली गाडी पकडली. दहाच्या आत पोचले.

त्या अडीच वर्षांत मी विहीणबाईंकडे एकदाही गेले नव्हते. आता कामं असतात, असं म्हणत असे. कामं होतीच. त्या खाटेवर पडल्या होत्या, शेजारीण चमच्याने पाणी पाजत होती. मला बघून त्यांनी ओळखलं. एका डोळ्याने ओळखलं. म्हणाल्या, "अगोबाई, तुम्ही? एवढ्या लांबून आलात?"

एवढ्या लांबून. मी म्हटलं, "हो."

दुपारी तीनला त्या गेल्या. स्मिता साडेसहाला पोचली. पायरीवर चपला काढताना तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला कळलं. ती रडली ते सगळं नंतर. आधी ती माझ्यासमोर वाकली आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

"आई, तुम्ही होतात जवळ. मला तेवढं पुष्कळ आहे."

मी पाय मागे घेतले नाहीत. केलेल्या उपकाराचे आभार घ्यावेत तसा तो नमस्कार घेतला. तिच्या पाठीवरून हातही फिरवला.

तेव्हा सांगता आलं असतं का? आलं असतं. त्या दिवशी नाही तर महिन्याने. ती दिवाळीत आली तेव्हा. पडवीत माझ्या शेजारी बसून आमसुलांच्या पुड्या बांधत होती तेव्हा. मी सांगितलं नाही. ती अजून खोके नेते, अजून माझ्या हातच्या मालाची तारीफ करते, आणि मी अजून ती ऐकून घेते.

मला पश्चात्ताप होतो का? तुम्हाला खोटं सांगून काय मिळणार मला? माझं घर माझं आहे. सकाळी साडेसातला उठते, सोमवारी बोंबील भाजते. उद्या विनूने पुन्हा कोरा कागद आणला तर मी पुन्हा तसाच भरीन, टँकरसकट. हा विजय आहे आणि तो मी लपवत नाही. पण तो कोणाच्या खांद्यावरून चढून मिळाला, ते आज लिहून ठेवते आहे.

कागद ट्रंकेत आहे. त्यात त्या दिवशीचं लांज्याचं तिकीट ठेवलं आहे. पंचाहत्तरी उलटलेल्यांना एस.टी. फुकट, तरी कंडक्टर तिकीट देतो. त्यावर रक्कम शून्य.

विनूच्या त्या कागदावर किराणा होता, पेट्रोल होतं, पापलेटसुद्धा होतं. लांज्याला जाण्याची ओळ नव्हती. ना त्याने घातली, ना मी. परवा मी ती सगळ्यात खाली, पेन्सिलीने घातली. रत्नागिरीच्या बाजूला तिकिटावरचं शून्य उतरवलं. पुण्याची बाजू कोरी ठेवली. तिथला आकडा स्मिताला माहीत आहे, आणि मी तो तिला विचारणार नाही.